फोर-टेन आणि २८ बोअरची काडतुसं: विकत घ्यायची की स्वतः भरायची?

हा प्रश्न विचारणारे दोन प्रकारचे लोक असतात. एक म्हणजे ज्यांच्या घरी आजोबांची दुनळी रीतसर वारसानं परवान्यावर चढून आलीय, आणि यूट्यूबवर अमेरिकन काका लोक गॅरेजमध्ये बसून खटाखट काडतुसं भरताना बघून ज्यांना वाटतं की अरे एवढंच ना, हे तर आपणही करू. दुसरे म्हणजे हिंजवडीतून कंपनीनं उचलून थेट डॅलस नाहीतर ऑस्टिनला नेऊन टाकलेले, तिथे टीममधला कुणीतरी रविवारी स्कीट, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या बंदुकीनं फोडायचा खेळ, खेळायला घेऊन जातो, पहिल्याच दिवशी पाच-सहा तबकड्या फुटतात आणि झालं, माणूस गेला कामातून. मी स्वतः दुसऱ्या जातीतला, टेक्सासात बरीच वर्षं काढून आता बाणेरला परत आलोय, त्यामुळे दोन्हीकडचे फोन मलाच येतात.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी उत्तर आधीच सांगतो. पुण्यात राहत असाल तर विकत घ्या, विषय संपला, का ते खाली सांगतो. अमेरिकेत असाल आणि १२ बोअर मारत असाल तरी विकतच घ्या. अमेरिकेत असाल, २८ किंवा फोर-टेन मारत असाल, आणि महिन्याला २५ काडतुसांचे सात-आठ डबे सहज उडत असतील, तरच काडतुसं भरायच्या मशीनचा विचार करा. बाकीचा लेख या तीन वाक्यांचा हिशोब आहे.

आधी बोअर समजून घ्या

एक पौंड शिशाचे एकसारखे १२ गोळे केले तर त्यातला एक गोळा ज्या नळीत बरोब्बर बसेल ती १२ बोअर. २८ गोळे केले तर गोळा लहान होतो म्हणून २८ ची नळी लहान. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक, हे उलटं गणित पहिले काही दिवस डोक्यात बसत नाही, बसेल. मिलिमीटरमध्ये १२ बोअर साधारण १८.५, २० बोअर १५.६ आणि २८ बोअर १४. फोर-टेनचा मात्र हिशोबच वेगळा, .४१० हा सरळ इंचातला व्यास आहे, म्हणजे १०.४ मिमी. गोळ्यांच्या भाषेत तो ६७-६८ बोअरच्या आसपास जाईल, पण तसं कुणी म्हणत नाही.

छर्ऱ्यांचं वजन किती मावतं हे पण बघून ठेवा, कारण पुढचा सगळा खर्च त्यावरच आहे. अमेरिकेतल्या नेहमीच्या टार्गेट काडतुसात १२ ला सव्वा औंसाच्या जरा खाली, म्हणजे एक आणि एक अष्टमांश औंस, २८ ला पाऊण औंस, आणि फोर-टेनला फक्त अर्धा औंस. नऊ नंबरचे छर्रे एका औंसात साधारण ५८५ भरतात, म्हणजे फोर-टेनच्या एका काडतुसात तीनशेच्या आतच. त्यामुळे फोर-टेननं तबकडी फोडणं हे १२ पेक्षा फारच अवघड काम आहे, आणि तरीही लोक पहिली बंदूक म्हणून मुलांच्या हातात फोर-टेन देतात कारण धक्का कमी. माझं मत विचाराल तर नवशिक्याला २८ द्या. धक्का सोसण्यासारखा असतो आणि तबकड्या फुटतात, फुटल्या की मूल परत यायचं म्हणतं.

दोन धोके इथेच सांगून टाकतो. पहिला, २० बोअरचं काडतूस चुकून १२ च्या बंदुकीत गेलं तर ते खाली पडत नाही, आत सरकून नळीत अडकतं, आणि वरून १२ चं काडतूस नीट बसतं. पुढे घोडा ओढला की नळी फुटते आणि डावा हात तिथेच असतो. म्हणूनच २० बोअरची काडतुसं पिवळी करण्याची पद्धत पडली. २८ चं काडतूस २० च्या नळीत असंच दगा देऊ शकतं. खिशात एका वेळी एकाच बोअरची काडतुसं, हा नियम पहिल्या दिवसापासून.

दुसरा धोका खास आपल्याकडचा. पोलिसांकडे एके काळी .४१० मस्केट असायची, .३०३ रायफलवरूनच केलेली. तिचं काडतूस .३०३ च्या पितळी केसवर, म्हणजे काडतुसाच्या टरफलावर, बेतलेलं, बाजारातल्या फोर-टेनशी त्याचं फक्त नाव जुळतं. कुणी जुनं काही दाखवून 'हे पण फोर-टेनच आहे' म्हणालं तर हात लावू नका, गनस्मिथला दाखवा.

पुण्यात असाल तर

कायदा सरळ आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, आणि त्याच कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंसुद्धा येतात. म्हणजे 'मी काडतूस थोडीच बनवतोय, रिकाम्या केसमध्ये परत भरतोय' हा युक्तिवाद चहाच्या टपरीवर ठीक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याची शिक्षा कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. शिवाय दारू, म्हणजे पावडर, स्फोटक कायद्याखाली येते ते वेगळंच. तुमच्या हातात असलेला परवाना हा बंदूक आणि ठरावीक काडतुसं बाळगण्याचा आहे, बनवण्याचा नाही, हे दोन परवाने पूर्ण वेगळे आहेत. त्यामुळे अमेरिकेहून येताना मामेभावाला 'एक छोटं मशीन टाक ना बॅगेत' असं सांगणारे जे कुणी असतील त्यांनी कृपया थांबावं.

यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, मग कोकणात आमचे मामा दर वेळी दारू ओततात, छर्रे टाकतात, गजानं ठासतात आणि टोपी लावतात ते कसं चालतं? ती ठासणीची बंदूक आहे हो, तिचा परवानाच ठासणीच्या बंदुकीचा असतो आणि त्यात बंदूक भरली जाते, काडतूस तयार होत नाही. दोन्हीची गल्लत करू नका. आणि मामांची दारू काळी दारू आहे, आजच्या काडतुसातली बिनधुराची पावडर वेगळ्या जातीची आहे, एकीच्या जागी दुसरी मापानं ओतली तर बंदूक राहत नाही.

तेव्हा पुण्यात प्रश्न एवढाच उरतो की विकत घ्यायचं तर नीट कसं घ्यायचं.

परवाना कुठून, तर शहरात पोलीस आयुक्तालयातून. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय २०१८ पासून वेगळं झालंय, त्यामुळे वाकडला राहणाऱ्यानं पुण्यातल्या कार्यालयात रांग लावून उपयोग नाही. ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. परवान्यावर एका वेळी किती काडतुसं ठेवता येतील आणि वर्षाला किती घेता येतील ते आकडे लिहिलेले असतात, ते वाचा, अर्ध्या लोकांनी ते कधी वाचलेलेच नसतात. खरेदी फक्त परवानाधारक डीलरकडून, परवाना सोबत नेऊन, नोंद करून. मित्राच्या परवान्यावरची चार काडतुसं 'बघायला' घेणं हा पण गुन्हाच आहे. आणि हो, २०१९ पासून एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, वारसानं आलेली तिसरी घरात असेल तर ते आधी निस्तरा.

माल कुठला, तर इथे पुणेकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी १८६९ ची, आणि 'शक्तिमान' नावानं देशभर जी १२ बोअरची काडतुसं जातात ती तिथलीच. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या, त्यातली म्युनिशन्स इंडिया ही पुण्यातच बसते. म्हणजे काडतुसं आपल्या मुंबई-पुणे रस्त्यालगत तयार होतात, तुम्हाला मात्र ती डीलरकडूनच मिळणार, फॅक्टरीच्या गेटवर जाऊन विचारू नका, लोकांनी हेही करून बघितलंय.

आता लहान बोअरचं. १२ बोअरचं काडतूस कुठल्याही डीलरकडे असतं, लहान बोअरचं असेलच असं नाही. म्हणून कुणी २८ किंवा फोर-टेनची बंदूक 'सुबक आहे, हलकी आहे, देऊन टाकतो' म्हणून दाखवत असेल तर बंदूक बघायच्या आधी डीलरला फोन करा की या मापाचं काडतूस मिळतं का, वर्षाला किती मिळेल आणि काय भाव. उत्तर 'बघू, सांगतो' असं आलं तर ती बंदूक भिंतीवर टांगण्यापुरतीच समजा. आणि ऑलिंपिकचं स्वप्न असेल तर तिथे ट्रॅप आणि स्कीटला सगळे १२ बोअरच वापरतात, २४ ग्रॅमचं काडतूस, त्यामुळे लहान बोअरच्या नादाला लागूच नका. राज्यवर्धनसिंह राठोड यांचं २००४ चं अथेन्सचं रौप्य डबल ट्रॅपमध्ये १२ बोअरवरच आलं. बालेवाडीत जे पोरं-पोरी घाम गाळताना दिसतात, ज्या रेंजवर सराव करून स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं, तो रायफल-पिस्तुलाचा खेळ आहे. नुसती नेमबाजीची हौस असेल तर तिथून सुरुवात करा. .१७७ ची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल घ्यायला परवाना लागत नाही.

खरेदी करताना जी एक गोष्ट मी सगळ्यांना तपासायला लावतो ती म्हणजे चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेची लांबी. आजोबांच्या विलायती दुनळीचं चेंबर बहुतेक वेळा ६५ मिमीचं असतं आणि आजचं काडतूस ७० मिमीचं. गंमत, म्हणजे गंमत कसली, अशी की ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसतं आणि बंदूक बंद होते, कारण ७० हे माप उडाल्यानंतर उघडलेल्या केसचं आहे, भरलेलं काडतूस तोंड दुमडलेलं असल्यानं आखूडच असतं. बार उडाला की दुमडलेलं तोंड उघडतं, त्याला जागा कमी पडते, ते नळीच्या अरुंद भागात घुसतं आणि दाब वाढतो. एका बारात काही होईलच असं नाही, म्हणूनच हे धोकादायक, माणसाला वाटतं चालतंय की. नळीच्या खालच्या सपाट भागावर माप कोरलेलं असतं, ते दिसत नसेल तर गनस्मिथकडून मोजून घ्या. आणि नळीवर लाकडाच्या रेषांसारखी वळणदार नक्षी असेल, म्हणजे लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेली दमास्कस नळी असेल, तर आजचं काडतूस तिच्यात घालायचंच नाही.

ठेवायचं कुठे, तर कोरड्या आणि गार जागी, कुलपात, बंदुकीपासून वेगळं. पत्र्याखालचा माळा नको, उन्हाळ्यात तिथे भट्टी होते आणि पावसाळ्यात सगळं दमट. पितळी बुडावर हिरवट डाग आलेलं किंवा प्लॅस्टिक फुगून चेंबरमध्ये अडणारं काडतूस दाबून बसवायचं नाही, बाजूला काढून डीलरला विचारायचं. जुन्या कागदी काडतुसांचं तर फुगणं ठरलेलंच.

अमेरिकेत असाल तर, पण आधी व्हिसा बघा

हे कुणी सांगत नाही म्हणून ठळकपणे सांगतो. एच-वन, एल-वन, एफ-वन असा कुठलाही नॉन-इमिग्रंट व्हिसा असलेल्याला तिथल्या फेडरल कायद्यानं बंदूक काय, काडतूससुद्धा बाळगता येत नाही. अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे तुमच्याकडे तिथल्या एखाद्या राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स असणं. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही. घरी काडतुसं भरणं म्हणजे काडतुसं बाळगणंच, त्यामुळे कागद नसताना गॅरेजमध्ये मशीन मांडलं तर बंदूक मित्राची असून उपयोग नाही. ज्याचं सगळं करिअर त्या व्हिसावर टांगलेलं आहे त्यानं इथे हुशारी करू नये, शंका असेल तर तिथल्या वकिलाला पैसे देऊन विचारा, क्लबमधल्या बॉबला नाही.

कागद ठीक असतील तर स्वतःपुरती काडतुसं भरायला तिथे फेडरल लायसन्स लागत नाही. विकायची म्हटली की लागतं. मित्राकडून 'खर्चापुरते' पैसे घेणं हे पण विक्रीच्याच वाटेवर जातं. राज्याराज्यांचे नियम वेगळे, कॅलिफोर्नियात तयार काडतुसं घेताना पण पार्श्वभूमी तपासतात. भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये असाल तर लीज वाचा, पावडर आणि प्रायमर ठेवायला मनाई असू शकते. हे सगळं पार झालं की मग पैशाचा हिशोब.

हिशोब

लहान काडतूस महाग का, हा पहिला धक्का बसतो. माल अर्धा आणि भाव दीडपट-दुप्पट! कारण साधं आहे, १२ बोअर ढिगानं खपतं, कारखाना तेच काढत असतो, २८ आणि फोर-टेन अधूनमधून थोडं थोडं निघतं. आणि हीच फट भरणाऱ्याच्या फायद्याची. तुम्ही घरी भरता तेव्हा शिसं वजनावर घेता, कारखान्याच्या खपाशी तुम्हाला देणंघेणं नसतं.

खाली जे भाव धरलेत ते समजुतीपुरते आहेत, तुमच्या दुकानातले टाकून परत करा. छर्ऱ्यांची २५ पौंडांची पिशवी म्हणजे ४०० औंस. अर्ध्या औंसानं फोर-टेनची ८०० काडतुसं, पाऊण औंसानं २८ ची ५३३, आणि १२ ची फक्त ३५५. पिशवी ५० डॉलरला धरली तर फोर-टेनला छर्रे सव्वासहा सेंटचे, २८ ला साडेनऊच्या जरा आत, १२ ला चौदा. पावडरच्या एका पौंडात ७००० ग्रेन असतात, त्याला मॅन्युअलमधल्या चार्जनं, म्हणजे एका काडतुसाला लागणाऱ्या पावडरच्या वजनानं भागा. इथे नवा माणूस फसतो, त्याला वाटतं फोर-टेनला पावडर अगदीच चिमूटभर लागत असेल. तसं नाही. बारीक नळीत छर्ऱ्यांची उभी लांब रांग ढकलायची असते, तिला सावकाश जळणारी पावडर लागते आणि ती वजनानं २८ च्या जवळपास जाते. पौंडात साधारण ५०० भरली आणि डबा ४० डॉलरचा धरला तर आठ सेंट. प्रायमर, म्हणजे बुडात बसणारी पेटवणारी टोपी, हजाराला ८० धरला तर आठ. पावडर आणि छर्रे यांच्या मधला प्लॅस्टिकचा वॅड चार. केस तुमचीच, फुकट.

फोर-टेन एकूण २६ सेंट, २५ च्या डब्याला साडेसहा डॉलर. तोच डबा दुकानात २० ला मिळत असेल तर डब्यामागे साडेतेरा वाचले. २८ चा डबा घरी साडेसातच्या जरा आत, दुकानात १८ धरला तर साडेदहाच्या जरा वर वाचले. १२ चा डबा घरी पावणेनऊ आणि दुकानात साडेदहाला, म्हणजे वाचले पावणेदोन डॉलर, आणि त्यासाठी तुम्ही शनिवारची दुपार घालवलीत.

मशीन ३०० डॉलरचं धरलं तर ते फोर-टेनमध्ये २२-२३ डब्यांत फिटतं, २८ मध्ये २८-२९ डब्यांत, १२ मध्ये १७० च्या आसपास. स्कीटची एक फेरी २५ तबकड्यांची, म्हणजे एक डबा. आता महिन्याला एकच फेरी मारणाऱ्याला फोर-टेनचं मशीन फिटायला दोन वर्षं जातील, त्यानं कशाला त्या भानगडीत पडावं? आठवड्याला दोन फेऱ्या मारणाऱ्याचं तीन महिन्यांत फिटतं. नुसता मशीनचा भाव बघून ठरवणारे लोक हा महिन्याचा आकडा कधी मांडतच नाहीत.

हिशोबात दोन छुपे खर्च अजून आहेत. पावडर आणि प्रायमर कुरियरनं मागवले की घातक मालाचं वेगळं शुल्क लागतं, ते पार्सलमागे असतं, एका डब्यासाठी पण तेवढंच. म्हणून एकदम मागवा नाहीतर क्लबमधल्या दोघा-तिघांनी मिळून ऑर्डर टाका. दुसरा खर्च म्हणजे केस परत हातात येणं. दुनळीतून केस तुमच्या हातात येते. सेमी-ऑटो ती बाजूला फेकते आणि काही क्लबांचा नियम आहे की जमिनीवर पडलेली केस क्लबची. तसं असेल तर फुकटची केस फुकट राहिली नाही.

आणि खरं सांगू का, भरायला लागलेल्या माणसाचा महिन्याचा खर्च कमी झालेला मी फारसा बघितला नाही, तो तेवढ्याच पैशात दुप्पट फेऱ्या मारतो. घरी समजावताना 'पैसे वाचतील' हे कारण देऊ नका, सहा महिन्यांनी तेच तोंडावर येतं.

ठरलंच असेल तर सामान

नवशिक्यानं एकेक काडतूस भरणारं साधं मशीन घ्यावं. मेक कंपनीचं ६०० ज्युनिअर हे विस्कॉन्सिनमधलं जुनं, दणकट मशीन २८ आणि फोर-टेनमध्ये पण येतं आणि सेकंडहँड भरपूर मिळतं, फक्त घेताना ते कुठल्या बोअरचं आहे हे बघून घ्या. हँडल ओढलं की एक काडतूस पूर्ण होणारी प्रोग्रेसिव्ह मशीन वेगवान असतात पण त्यात एका वेळी अनेक केसांवर वेगवेगळं काम चालू असतं, काही बिघडलं तर नवख्याला कळत नाही कुठे बिघडलं. साध्या मशीनवर तासाला चार-पाच डबे होतात, पुरे.

त्याच्याबरोबर ग्रेनमध्ये मोजणारा वजनकाटा, हा ऐच्छिक नाही. पावडर बनवणाऱ्या कंपनीचं चालू मॅन्युअल. केसेस एकाच बनावटीच्या, विंचेस्टर डबल-ए नाहीतर रेमिंग्टन एसटीएस, दोन्हींची सरमिसळ करायची नाही कारण आतली जागा वेगळी असते. आणि इथे मी मुद्दाम कुठलाही चार्ज लिहिलेला नाही, तो कुणाच्या लेखातून घ्यायचाच नसतो. मॅन्युअलमध्ये केस, प्रायमर, पावडर, वॅड आणि छर्रे या पाचांची जोडी ठरवलेली असते, त्यातलं एकही बदललं तरी दाब बदलतो. 'हा वॅड संपलाय, तो पण तसाच दिसतो' हे चालत नाही. फोर-टेनमध्ये तर अजिबातच नाही, एवढ्याशा जागेत थोडा फरकही मोठा पडतो.

भरताना

क्रम असा. आधी केस बघायची, तोंडाच्या घड्यांवर चीर असेल तर सरळ कचऱ्यात. मग जुना प्रायमर काढून पितळी बूड मापात आणायचं, नवा प्रायमर बसवायचा आणि बोट फिरवून तो बुडाच्या सपाटीत आहे ना ते बघायचं, वर आलेला नको. मग पावडर, वॅड, छर्रे, मग तोंडाची घडी सुरू करायची आणि शेवटी पूर्ण मिटवायची.

मजा त्या शेवटच्या दोन टप्प्यांत आहे. फोर-टेनच्या तोंडाला सहसा सहा पाकळ्या असतात, मोदकाच्या कळ्या आवळाव्यात तशा त्या मधोमध जुळायला हव्यात. आधीच्याच घड्यांवर नवी घडी बसवायची, डाय, म्हणजे घडी पाडणारा साचा, जरा जरी फिरलेली असेल तरी तोंड पिळवटतं. मध्ये टाचणीच्या डोक्याएवढं भोक राहिलं तर नऊ नंबरचा छर्रा, जो दोन मिलिमीटरचा असतो, तो तिथून निसटतो, आणि मग खिशात, गाडीच्या सीटखाली, वॉशिंग मशीनमध्ये वर्षभर छर्रे सापडत राहतात. भोक राहतंय म्हणजे आत भरणा जास्त झालाय किंवा डाय वर आहे. तोंड खोलगट होऊन आत बसतंय म्हणजे उलट. एकदा सेटिंग जमलं की त्याला हात लावायचा नाही.

वजन तपासायचं, सुरुवातीला दर काडतुसाचं, जमल्यावर दर डब्याला दोन-तीनदा. मेकच्या मशीनमध्ये पावडर मापायच्या छोट्या टोप्या, म्हणजे बुशिंग असतात आणि तक्त्यात लिहिलेलं असतं की या बुशिंगमधून इतके ग्रेन पडतील. तक्ता फक्त सुरुवातीला. तुमचा हात, हवेतला दमटपणा, हॉपर, म्हणजे मशीनवरचं पावडरचं भांडं, किती भरलाय, सगळ्यानं फरक पडतो, काटा सांगेल ते खरं. छर्ऱ्यांचं वजनही तोला.

टेबलावर एका वेळी एकच पावडर, तिच्या मूळ डब्यातच, काम झालं की हॉपर रिकामा. लेबल नसलेली पावडर कितीही महाग असली तरी फेकून द्यायची. प्रायमर त्यांच्या ट्रेमध्येच ठेवायचे, बरणीत ओतून खुळखुळवायचे नाहीत, एक पेटला तर सगळे पेटतात. डोळ्यावर चष्मा. खाणं, चहा, सिगरेट टेबलापासून लांब, शिसं आहे ते, उठलं की हात साबणानं. लहान पोरं खोलीत नकोत. फोन बाहेर, कारण पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल येणार आणि तुम्ही पावडर टाकली की नाही हे विसरणार, आणि दोनदा पडलेली पावडर बाहेरून दिसत नाही. मध्येच उठावं लागलं तर हातातली केस बाजूला ठेवायची, आल्यावर ती मोकळी करून पहिल्यापासून.

रेंजवर पहिल्यांदा भरलेली काडतुसं नेली की थोडीच न्या. बार उडताना फुस्स असा मऊ आवाज आला तर पुढचा बार मारायचा नाही, काही झालं तरी. नळी खाली, बंदूक उघडायची, काडतूस काढायचं आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघायचं. पावडर न पडलेल्या काडतुसाचा वॅड नळीत अडकलेला असतो आणि त्याच्यावर पुढचा बार म्हणजे नळी गेलीच.

केसा किती वेळा वापरायच्या? १२ च्या बऱ्याच चालतात, फोर-टेनच्या लवकर थकतात. आकडा पाळण्यापेक्षा तोंड बघा, प्रायमर सैल बसायला लागलाय का बघा. मी प्रत्येक फेरीच्या केसांच्या बुडाला मार्करनं एक रेघ मारायचो, रेघा वाढल्या की पूर्ण पिशवीच टाकून द्यायची, एकेक निवडत बसायचं नाही.

अजून एक पर्याय बऱ्याच नव्या लोकांना माहीतच नसतो. अमेरिकन स्कीटमध्ये १२, २०, २८ आणि फोर-टेन अशा चार बोअरच्या वेगवेगळ्या स्पर्धा असतात, आणि त्यासाठी चार बंदुका घ्याव्या लागत नाहीत, १२ च्या दुनळीत घालायच्या लहान बोअरच्या ट्यूब मिळतात. महाग असतात, पण दुसरी बंदूक घेण्याआधी क्लबमध्ये कुणाकडे असतील तर त्या लावून मारून बघा. आणि मशीन घेण्याआधी जो भरतो त्याच्या गॅरेजमध्ये जाऊन एक संध्याकाळ बसा, अर्ध्या लोकांना तिथेच कळतं की हे आपल्याला कंटाळवाणं होणार आहे. त्यांनी दहा डब्यांचं खोकं एकदम विकत घ्यावं, सुट्या डब्यापेक्षा स्वस्त पडतं.

सुट्टीला पुण्याला येताना, ही शेवटची आणि फार महत्त्वाची गोष्ट. शूटिंगचं जॅकेट, ती कापडी पिशवी, रेंजला नेलेली हँडबॅग यातलं काहीही भारतात आणायचं नाही, आणलंच तर आदल्या दिवशी प्रत्येक कप्पा उलटा करून झटकायचा. एक फोर-टेनचं काडतूस पेनाच्या खिशात आरामात लपतं. येताना सापडलं नाही तरी परत जाताना लोहगावला किंवा मुंबईला एक्स-रेमध्ये ते दिसणारच, आणि भारतात परवान्याशिवाय एक काडतूस पण गुन्हा आहे. ते नकळत राहिलं होतं हे पुढे कोर्टात पटवून देता येतं, पण तोवर विमान गेलेलं असतं आणि तुम्ही पोलीस चौकीत बसून जबाब देत असता. भाच्याला दाखवायला म्हणून रिकाम्या केसासुद्धा आणू नका, फोटो दाखवा.